कौशल्य-बोनस आणि पात्राचे वेगळेपण : भूमिकाखेळांतील अंकाधारित पात्रचित्रणाची समीक्षा

प्रस्तावना

पात्राचे वेगळेपण कशात असते, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला नवा नाही. पात्राची भाषा, त्याची कृती, इतर पात्रांनी त्याच्याविषयी काढलेले उद्गार आणि निवेदकाचे भाष्य या वाटांनी वाचक पात्रापर्यंत पोहोचतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात मात्र अमेरिकेत एक असा कथाप्रकार रूढ झाला की, ज्यात पात्राची पहिली ओळख अंकांनी करून दिली जाते. टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या या प्रकारास रोलप्लेइंग गेम असे म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास ‘भूमिकाखेळ’ असे संबोधले आहे.

या खेळात चार-पाच खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. आणखी एक जण कथेतील जग, इतर सर्व पात्रे आणि अडथळे सांभाळतो. त्याचे काम आपल्या नाट्यपरंपरेतील सूत्रधारासारखे असल्याने येथे तोच शब्द वापरला आहे. खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतो. कृतीचे फळ अनिश्चित असेल तर फासा टाकला जातो. येथपर्यंत भूमिकाखेळ आणि सापशिडी यांत फारसा फरक नाही. परंतु सापशिडीच्या पटावरील लाल आणि हिरव्या सोंगटीत रंगापलीकडे कोणताच भेद नसतो. पडलेले दान दोघींना सारखेच लागू होते. भूमिकाखेळात पडलेल्या दानात पात्राच्या नावे नोंदलेला एक अंक मिळवला जातो, आणि तो प्रत्येक पात्राचा निराळा असतो. कुलूप उघडणे, माग काढणे, मन वळवणे, धर्मग्रंथ जाणणे अशा कौशल्यांपुढे लिहिलेला हा अंक म्हणजेच कौशल्य-बोनस होय.

हा अंक पात्राला खरोखर वेगळे करतो काय, हा येथील प्रश्न आहे. कौशल्य-बोनसकडून खेळरचनाकार एकाच वेळी दोन कामांची अपेक्षा ठेवतात. कृती यशस्वी होण्याची शक्यता त्याने सांगावी आणि हे पात्र कोण आहे हेही त्यानेच सांगावे. ही दोन कामे एकच आहेत, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्ष नियमांचे आणि त्यांमागील साध्या गणिताचे परीक्षण केले असता हे गृहीतक टिकत नाही, असे दिसून येते. पात्राची ओळख यशाच्या वाढीव शक्यतेने फारशी घडत नाही. जेथे इतरांना प्रयत्नच करता येत नाही किंवा जेथे त्या पात्राला अपयश येऊच शकत नाही, तेथे ती ठळक होते.

पेशाकडून कौशल्याकडे

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पहिला प्रकाशित भूमिकाखेळ 1974 मध्ये तीन पुस्तिकांच्या रूपात बाजारात आला. त्यात योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू असे तीनच पेशे होते. बळ, बुद्धी, चापल्य आदी सहा क्षमता फाशांनी ठरत. परंतु कौशल्यांची यादी अशी नव्हतीच. भिंत चढायची असेल, पहारेकऱ्यास चुकवायचे असेल, तर खेळाडूने युक्ती सांगावी आणि सूत्रधाराने निवाडा करावा, अशी पद्धत होती. एक योद्धा दुसऱ्या योद्ध्याहून वेगळा होई तो मुख्यत्वे खेळाडूच्या बोलण्याने आणि त्याच्या पात्राजवळच्या वस्तूंनी.

1975 साली ‘ग्रेहॉक’ या पुरवणीद्वारे चोर हा पेशा खेळात अधिकृतपणे आला. (पुढील आवृत्त्यांत या पेशाचे इंग्रजी नाव बदलले; येथे सर्वत्र ‘चोर’ असेच म्हटले आहे.) चोराबरोबर कौशल्याचा अंक आला, आणि त्याबरोबर एक अडचणही आली. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या 1981 च्या प्राथमिक संचात पहिल्या स्तरावरील चोरास कुलूप उघडण्याची शक्यता 15 टक्के, सापळे शोधण्याची वा निकामी करण्याची 10 टक्के, सावलीत लपण्याची 10 टक्के आणि उभी भिंत चढण्याची 87 टक्के दिलेली आहे. ज्याचा पेशाच लपण्याचा, तो दहापैकी नऊ वेळा सापडतो! शिवाय चोरासाठी लपण्याचे टक्के छापले गेल्यामुळे इतरांना लपताच येत नाही, असा अर्थ अनेक सूत्रधारांनी घेतला. काल जे कोणीही युक्तीने करू शकत होता, ते आज एकाचा हक्क झाले आणि त्या एकालाही ते जमेना. या तक्त्यात चोर चोरासारखा वाटतो तो केवळ भिंत चढण्याच्या रकान्यात, आणि त्याचे कारण 87 या अंकात आहे. हा दुर्लक्षित रकाना पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

याच काळात दोन खेळांनी निराळी दिशा घेतली. मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ने (1977) पात्राचे पूर्वायुष्य, म्हणजे त्याची नौदलातील, लष्करातील वा व्यापारातील नोकरी, फाशांनी खेळून घेऊन त्यातून कौशल्ये निष्पन्न केली. स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांच्या ‘रूनक्वेस्ट’ने (1978) पेशाची चौकट बाजूस सारून प्रत्येक पात्रास टक्केवारीत कौशल्ये दिली आणि जे कौशल्य वापरून यश येईल तेच पुढे वाढेल, असा नियम केला. वापराने कौशल्य वाढते ही कल्पना कोणाही कारागिरास पटण्याजोगी आहे. तिचा दोषही तेवढाच उघड आहे : खेळाडू गरज नसतानाही नाना कौशल्ये वापरून पाहू लागतात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये मात्र सर्व पात्रांना लागू होणारी एकसूत्री कौशल्यव्यवस्था 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीतच आली. जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी रचलेल्या या आवृत्तीचा मूळ नियम एका वाक्यात सांगता येतो : वीस पृष्ठांचा फासा टाकावा, त्यात बोनस मिळवावा आणि बेरीज सूत्रधाराने ठरवलेल्या काठिण्यपातळीइतकी वा तिच्याहून अधिक असल्यास कृती यशस्वी मानावी. कौशल्ये गुणांनी विकत घ्यायची. चोरास दर स्तराला आठ गुण, योद्ध्यास दोन, आणि त्यात बुद्धीनुसार अधिक-उणे. पेशाबाहेरचे कौशल्य दुप्पट किमतीस मिळे आणि त्याची कमाल मर्यादाही निम्मी असे. विसाव्या स्तरावर आपल्या पेशातील कौशल्यात 23 गुण साठवता येत. फाशाची पृष्ठे वीस. म्हणजे तज्ज्ञ आणि नवखा यांतील अंतर फाशाच्या संपूर्ण आवाक्याहून मोठे झाले. तज्ज्ञास अवघड वाटेल असे कुलूप इतरांना अशक्यच, आणि इतरांना शक्य असलेले कुलूप तज्ज्ञाच्या हातात आपोआप उघडणारे. पात्रे वेगळी झाली यात शंका नाही. पण एकाचे पात्र काम करीत असताना उरलेल्या चौघांनी हातावर हात ठेवून बसावे, अशी स्थिती निर्माण झाली.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने प्रशिक्षित पात्रास सरसकट 5 अधिक दिले आणि स्तराच्या निम्मा अंक सर्वांनाच दिला. ती पायरी येथे नोंदवून पुढे जाणे पुरेसे आहे.

सपाट फासा आणि लहान बोनस

2014 च्या पाचव्या आवृत्तीने वाढत्या अंकांना जाणीवपूर्वक आळा घातला. या आवृत्तीत 18 कौशल्ये आहेत. पात्र ज्या कौशल्यांत प्रवीण असते, त्यांत प्रावीण्य-बोनस मिळतो. तो पहिल्या स्तरावर 2 आणि सतराव्या स्तरापासून 6 असतो. त्यात संबंधित क्षमतेचा बोनस मिळवला जातो, जो सामान्यतः -1 ते +5 यांच्या दरम्यान असतो. काठिण्यपातळी सोप्या कामास 10, मध्यमास 15, अवघडास 20 अशी आहे. 2024 च्या सुधारित आवृत्तीतही ही चौकट कायम आहे.

या मर्यादेमागील हेतू स्तुत्य होता. तिसऱ्या आवृत्तीत जे चौघे रिकामे बसत, त्यांनाही येथे प्रयत्न करता यावा, ही अपेक्षा होती. ती पूर्णही झाली. परंतु तिची किंमत पात्रांच्या वेगळेपणाने चुकती केली.

वीस पृष्ठांच्या फाशावर प्रत्येक अंक पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे 5 टक्के असते. एकाकी फाशात मधले अंक अधिक वेळा पडावेत असा कल नसतो; या अर्थाने तो सपाट आहे. त्यामुळे 2 चा बोनस म्हणजे यशाच्या शक्यतेत केवळ 10 टक्क्यांची भर. पहिल्या स्तरावरील एखाद्या प्रवीण पात्राचा बोनस +5 (क्षमतेचे 3, प्रावीण्याचे 2) आणि नवख्याचा 0 धरला, आणि दोघांनी एकेकदा फासा टाकला, तर 400 संभाव्य जोड्यांपैकी 105 जोड्यांत नवख्याची बेरीज प्रवीणाहून सरस येते आणि 15 जोड्यांत बरोबरी होते. म्हणजे चारांपैकी एकाहून अधिक वेळा नवखा जिंकतो. कुस्तीच्या आखाड्यात किंवा गाण्याच्या बैठकीत असे प्रमाण आढळले, तर ‘प्रवीण’ या विशेषणाविषयी श्रोते शंका घेतील.

याहून गंभीर बाब समूहाची आहे. समजा, दालनात एक गुप्त दरवाजा आहे आणि तो शोधण्याची काठिण्यपातळी 15 आहे. +5 बोनस असलेल्या पात्रास तो सापडण्याची शक्यता 55 टक्के. बोनस शून्य असलेल्या एकट्या पात्रास ती 30 टक्के. पण अशा चार पात्रांनी स्वतंत्रपणे प्रयत्न केला, तर त्यांपैकी कोणा तरी एकास दरवाजा सापडण्याची शक्यता 76 टक्क्यांवर जाते. तज्ज्ञाचा बोनस +9 केला, तरी त्याची शक्यता 75 टक्केच होते. म्हणजे चार अनभिज्ञांचा घोळका तरीही काकणभर पुढेच. आयुष्यभर रानात माग काढीत फिरलेल्या पात्राने जमिनीकडे वाकून पाहावे, त्यास काहीच दिसू नये, आणि मागून आलेल्या पुस्तकी जादूगाराने सहज म्हणून फासा टाकून खूण दाखवावी, हा प्रसंग या खेळात अपवादात्मक राहत नाही. एकदा घडला तर तो विनोद ठरतो. दर बैठकीस घडू लागला, तर माग काढणाऱ्याची भूमिका घेतलेल्या खेळाडूला आपण नेमके कोण आहोत, हे सांगता येईनासे होते.

‘हे सूत्रधाराने आवरावे, ज्यांना कौशल्य अवगत आहे त्यांनाच फासा टाकू द्यावा’ असे यावर उत्तर दिले जाते. उत्तर बरोबर आहे. पण ते मान्य करताच बोनस आपले काम करीत नव्हता, हेही मान्य केले जाते. कारण वेगळेपण आता अंकातून न येता परवानगीतून येऊ लागलेले असते. नियमपुस्तकातही ही परवानगी अधूनमधून डोकावते. एखादे काम ज्याला एकट्याने करता येईल, त्यालाच त्या कामात दुसऱ्याला मदत करता येते, असे 2014 चे पुस्तक सांगते. मात्र तिची व्याप्ती त्याने ठरवून दिलेली नाही, आणि तो भार सूत्रधाराच्या सद्बुद्धीवर सोपवलेला आहे.

धर्म न जाणणारा धर्मगुरू

अंक आणि ओळख यांच्यातील फारकतीचे सर्वांत बोलके उदाहरण पाचव्या आवृत्तीतील ‘धर्म’ या कौशल्यात आढळते. देवता, विधी, उत्सव, पंथ यांविषयीची माहिती या कौशल्यात मोडते आणि ती बुद्धी या क्षमतेशी जोडलेली आहे. धर्मगुरूचा पेशा मात्र विवेक या क्षमतेवर उभा आहे; त्याची प्रार्थना, त्याचे मंत्र सारे विवेकावर चालते. परिणामी, पहिल्या स्तरावरील धर्मगुरूची बुद्धी साधारण, म्हणजे 10 असेल, तर धर्म या विषयात प्रवीण असूनही त्याचा बोनस +2 होतो. त्याच्या शेजारी बसलेल्या जादूगाराने आयुष्यात एकही धर्मग्रंथ उघडलेला नसला, तरी बुद्धी 16 असल्याच्या बळावर त्याचा बोनस +3 असतो.

स्तर वाढत जाताना हे अंतर मिटते का, हे पाहणे उद्बोधक आहे. जादूगार आपली बुद्धी चौथ्या स्तरावर 18 आणि आठव्या स्तरावर 20 करतो. त्याचा बोनस +4 आणि मग +5 होतो. धर्मगुरूचा प्रावीण्य-बोनस पाचव्या स्तरावर 3, नवव्यावर 4 आणि तेराव्यावर 5 होतो. म्हणजे अप्रवीण जादूगाराची बरोबरी करण्यास प्रवीण धर्मगुरूला तेरावा स्तर गाठावा लागतो आणि त्याच्या पुढे जाण्यास सतरावा. एवढ्या स्तरांपर्यंत पोहोचण्यास नियमित खेळणाऱ्या गटालाही बराच दीर्घ काळ लागतो. तोवर देवळाच्या गाभाऱ्यातील शिल्प ओळखण्याची वेळ आली की, सारे जादूगाराकडे पाहणार.

कोणी म्हणेल की, श्रद्धा आणि शास्त्रज्ञान या भिन्न गोष्टी आहेत. पोथी तोंडपाठ असलेला पंडित आणि देवघरातील निरक्षर आजी यांत देवाच्या अधिक जवळ कोण, हा संतसाहित्याच्या अभ्यासकांना परिचित असा प्रश्न आहे. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी येथे लागू पडत नाही. नियमपुस्तकाने प्रावीण्य देताना धर्मगुरू हा त्या विषयात शिकलेला आहे, असे स्वतःच सांगितले आहे. शिकलेला माणूस न शिकलेल्यापेक्षा कमी जाणतो, असे अंक सांगतात. विसंगती नियमाच्या पोटातच आहे.

रचनाकारांनाही ती जाणवली असावी. 2024 च्या आवृत्तीत धर्मगुरूला पहिल्याच स्तरावर एक निवड दिलेली आहे. चिलखत आणि युद्धशस्त्रांचा मार्ग सोडून दैवी विद्येचा मार्ग घेतल्यास धर्म आणि गूढविद्या या दोन विषयांतील तपासणीत विवेकाचा बोनसही मिळवता येतो. अशाच प्रकारे त्या आवृत्तीत संतापाच्या अवस्थेतील रानटी योद्ध्यास तिसऱ्या स्तरापासून लपणे, धाक घालणे, वनात निभावणे इत्यादी कौशल्ये बळाच्या आधारे वापरता येतात. दोन्ही सुधारणा स्वागतार्ह असल्या, तरी त्या ठिगळासारख्या आहेत. बेरजेत आणखी एक बेरीज मिळवून प्रश्न सुटतो तो त्या विशिष्ट पेशापुरता, आणि तोही ज्याने ती निवड केली त्याच्यापुरता.

शून्याचे मूल्य

‘ट्रॅव्हलर’च्या 2008 नंतरच्या आवृत्त्यांत याच प्रश्नाला दिलेले उत्तर फार साधे आहे. येथे सहा पृष्ठांचे दोन फासे टाकतात आणि सामान्य कामास बेरीज 8 वा अधिक यावी लागते. कौशल्याचे स्तर 0, 1, 2, 3 असे आहेत. आणि कौशल्य मुळीच नसेल, तर बेरजेतून 3 वजा केले जातात.

दोन फाशांच्या बेरजेत सर्व अंक सारख्या वेळा येत नाहीत. 7 सर्वाधिक वेळा, 2 आणि 12 सर्वांत कमी. क्षमतेचा परिणाम बाजूला ठेवला, तर कौशल्य नसलेल्या पात्रास सामान्य काम जमण्याची शक्यता 36 पैकी 3, म्हणजे सुमारे 8 टक्के. कौशल्य शून्य असलेल्यास 15, म्हणजे जवळपास 42 टक्के. स्तर 1 ला 58 आणि स्तर 2 ला 72 टक्के. सर्वांत मोठी उडी ‘नाही’ आणि ‘शून्य’ यांच्यामध्ये आहे. ज्याने अंतराळयान कधी चालवलेले नाही आणि ज्याने जेमतेम शिकून घेतले आहे, त्यांच्यात हा खेळ एक स्पष्ट उंबरठा घालतो. पुढचे वाढते प्रावीण्य त्यामानाने हळूहळू येते. विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या कोणाही अध्यापकास ही मांडणी अनुभवाशी जुळणारी वाटेल. पोहता न येणारा आणि कसाबसा पोहणारा यांतील अंतर कसाबसा पोहणारा आणि चांगला पोहणारा यांच्यातील अंतराहून मोठे असते. पाचव्या आवृत्तीत असा उंबरठा नाही. तेथे न येणाऱ्यास 0 आणि नुकते शिकलेल्यास 2. दोघेही एकाच पाण्यात उतरतात.

जेथे फासा टाकावा लागत नाही

आता 1981 च्या त्या 87 टक्क्यांकडे वळता येईल. चोर भिंत चढताना चोर वाटतो, कारण तेथे त्याचे यश जवळजवळ गृहीत धरता येते. अशी खात्री नियमाने दिली की पात्र उभे राहते, हे पुढील काळातील खेळांत वारंवार दिसते.

तिसऱ्या आवृत्तीत घाई वा धोका नसताना फासा न टाकता 10 पडले असे मानण्याची मुभा होती. पाचव्या आवृत्तीत चोरास अकराव्या स्तरावर (2024 मध्ये सातव्यावर) असा गुण मिळतो की, प्रवीण असलेल्या कौशल्यात फाशावर 9 वा कमी पडले तरी ते 10 धरावे. अकराव्या स्तरावर चापल्य 20 असलेल्या आणि चोरपावलांनी चालण्यात दुप्पट प्रावीण्य घेतलेल्या चोराचा बोनस +13 होतो. त्याची बेरीज 23 च्या खाली जाऊच शकत नाही. अवघड समजल्या जाणाऱ्या 20 च्या काठिण्यपातळीस तो कधीच चुकत नाही. या क्षणी बोनस पहिल्यांदा ओळख बनतो. खेद एवढाच की, 2014 च्या नियमांनी हा क्षण यावयास दहा स्तर वाट पाहावी लागली आणि तो एकाच पेशाच्या वाट्याला आला.

2019 च्या ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीने हा विचार अधिक शिस्तीने केलेला आहे. तेथे प्रशिक्षित, तज्ज्ञ, निष्णात आणि दंतकथातुल्य अशा श्रेणी आहेत. त्यांना 2, 4, 6 आणि 8 असे अंक असून त्यात पात्राचा स्तर मिळवला जातो. अप्रशिक्षितास स्तराचाही लाभ नाही. परंतु या श्रेणींचे खरे महत्त्व बेरजेत नाही. मांजरासारखे पडण्याचे एक विशेष कसब पाहावे : प्रशिक्षित पात्राची पडझड 10 फुटांनी कमी मानतात, तज्ज्ञाची 25, निष्णाताची 50, आणि दंतकथातुल्य पात्र कितीही उंचावरून पडले तरी पायांवर उभे राहते, त्यास इजा होत नाही. येथे फासा नाही, काठिण्यपातळी नाही. कड्यावरून उडी मारून खाली शांतपणे चालू लागणारे पात्र टेबलाभोवतीच्या कोणाच्याही लक्षात राहते.

रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ पद्धतीने याहून पुढची पायरी गाठली. केनेथ हाइट यांच्या ‘ट्रेल ऑफ कथुलू’मध्ये (2008) ती वापरली आहे. शोधकार्याशी संबंधित कौशल्य पात्राजवळ असेल, ते पात्र योग्य जागी असेल आणि खेळाडूने ते वापरतो असे म्हटले, तर मुख्य धागा मिळतोच. रहस्यकथेत गुप्तहेराला पुरावा न सापडल्याने कथा थांबत नाही. सापडलेल्या पुराव्याचा अर्थ लावण्यात तिचे नाट्य असते, ही त्यामागील भूमिका आहे. पाच तपासकांपैकी एकालाच न्यायवैद्यक येत असेल, तर मृतदेहापाशी तोच बोलेल. तेथे चार अनभिज्ञांचा घोळका त्याच्यावर मात करू शकत नाही.

या विचारावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. अपयशाची शक्यता काढून घेतली, तर खेळाचा प्राणच जाईल. फासा हवा तो अनिश्चिततेसाठीच. तथापि, प्रश्न फासा असावा की नसावा असा नाही. कोणत्या कृतीत तो टाकावा, हा आहे. गायकाचा सूर लागेल की नाही यात श्रोत्यांना रस नसतो. तो आज काय गाईल यात असतो.

अबोल खेळाडू, बोलके पात्र

कौशल्य-बोनसचा आणखी एक उपयोग खेळाच्या अभ्यासात फारसा चर्चिला जात नाही. 1974 च्या पद्धतीत, जेथे कौशल्ये नव्हती, तेथे वक्तृत्व असलेल्या खेळाडूचे पात्र आपोआप वक्ते होई. लाजाळू, शब्द जुळवताना अडखळणाऱ्या खेळाडूने मुत्सद्द्याची भूमिका घ्यावी, हे जवळपास अशक्य होते. सूत्रधारापुढे त्यास स्वतःच राजाचे मन वळवावे लागे. मन वळवण्याच्या कौशल्यापुढे +7 लिहिला गेला, तेव्हा ‘माझे पात्र राजाला तहाचे फायदे पटवून देते’ एवढेच त्याने म्हणणे पुरेसे झाले. इंग्रजी ही दुसरी वा तिसरी भाषा असलेले खेळाडू इंग्रजीत खेळायला बसतात, तेव्हा या आधाराचे मोल विशेष जाणवते.

म्हणूनच बोनस फाशापुढे दुबळा पडतो, तेव्हा त्याचे नुकसान सर्वांना सारखे होत नाही. बोलक्या खेळाडूचे पात्र फासा हरूनही त्याच्या बोलण्याने जिवंत राहते. सूत्रधारही त्याच्या भाषणावर खूश होऊन काठिण्यपातळी उतरवतो. अबोल खेळाडूजवळ त्या अंकाखेरीज काही नसते. त्याच्या मुत्सद्द्याने दोनदा फासा हरला आणि बोनस शून्य असलेल्या योद्ध्याने राजाला सहज हसवले, की तिसऱ्या वेळी तो खेळाडू फासा उचलत नाही. वेगळेपणाचा प्रश्न येथे सौंदर्याचा राहत नाही; टेबलावर कोणाचा आवाज ऐकला जातो, याचा होतो.

शब्दांत दिलेला बोनस

जोनाथन ट्वीट यांनी तिसऱ्या आवृत्तीनंतर तेरा वर्षांनी, रॉब हाइन्सो यांच्यासमवेत ‘थर्टीन्थ एज’ (2013) हा खेळ रचला. ज्यांनी कौशल्यांची ती भलीमोठी यादी तयार करण्यात वाटा घेतला, त्यांनीच येथे यादी पूर्णपणे रद्द केली, हे लक्षणीय आहे. त्याऐवजी खेळाडूस 8 गुण मिळतात आणि ते त्याने स्वतः लिहिलेल्या पूर्वपीठिकांवर वाटायचे. एका पूर्वपीठिकेस जास्तीत जास्त 5. ‘राजवाड्यातील मुदपाकखान्यात वीस वर्षे काढलेला आचारी’ अशी पूर्वपीठिका 4 गुणांची असेल, तर विष ओळखताना, नोकरांच्या जिन्याने निसटताना, सरदाराच्या खोडी आठवताना तो बोनस मागता येतो. मागताना मात्र आचाऱ्याला ते कसे ठाऊक, हे सांगावे लागते.

गणित येथेही तेच आहे. फासा वीस पृष्ठांचा, बोनस 4 वा 5 चा. तरीही दोन चोर एकमेकांसारखे होत नाहीत, कारण अंकामागे वाक्य आहे आणि फासा हरला तरी ते वाक्य पुसले जात नाही. अबोल खेळाडूसाठी मात्र ही पद्धत दुधारी ठरते. बोनस मिळवण्यासाठी त्यास पुन्हा बोलावेच लागते. एकच वाक्य, तेही घरी बसून लिहिलेले, एवढा दिलासा त्यास आहे.

अंकानेच पात्र घडवण्याची सर्वांत वेधक रीत मात्र या सर्वांहून जुनी आहे. सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये (1981) लव्हक्राफ्टच्या भयकथांतील अमानवी सत्याचे ज्ञान हेही एक टक्केवारीचे कौशल्य आहे. पात्र घडवताना ते विकत घेता येत नाही. निषिद्ध ग्रंथ वाचून वा भयानक अनुभवांतून जाऊन ते वाढते. आणि पात्राच्या मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा 99 वजा हे ज्ञान अशी ठरते. ज्याचे ज्ञान 5 आहे, त्याचे मन अद्याप 94 पर्यंत सावरू शकते. ज्याने इतरांना वाचवण्यासाठी एकेक ग्रंथ वाचून ते 40 वर नेले, त्याचे मन 59 च्या वर पुन्हा कधीच येणार नाही. गटात असा एक जण असतो आणि पुढचा ग्रंथ हाती आला की, सारे त्याच्याकडेच पाहतात. त्याने तो उघडावा की नाही, याचे उत्तर फासा देत नाही.